छायाचित्रांनीं दाखविलेल्या वाटा

सुटीचे दिवस जवळ येऊं लागले म्हणजे घराघरांतून एकच प्रश्न निघतो : यंदा कोठें जावयाचें? पूर्वीं हा प्रश्न फारसा निघत नसे, कारण त्याचें उत्तर आधींच ठरलेलें असे. काशी, रामेश्वर, पंढरपूर, गोकर्ण. जावयाचें तें देवाच्या दारीं. आणि तेथें जाण्याची ओढ लागे ती कानांवाटे. कीर्तनकारानें गंगेचें वर्णन करावें, पुराणिकानें क्षेत्राचें माहात्म्य सांगावें, काशीहून परतलेल्या आजोबांनीं ओसरीवर बसून वाटेंतील चोर, नदीचा पूर आणि घाटावरची गर्दी यांच्या गोष्टी सांगाव्या, आणि ऐकणाऱ्यांपैकीं एकाद्याच्या मनांत यात्रेचें बीज पडावें, अशी ती रीत होती. क्षेत्र कसें दिसतें हें निघण्यापूर्वीं ठाऊक नसे. प्रत्येकजण आपल्या मनांतील काशी घेऊन निघे आणि खरी काशी पाहून परते.

आज ही ओढ डोळ्यांवाटे लागते. दिनदर्शिकेवरचें एकादें बर्फाचें शिखर, मासिकांतील एकादें सरोवर, मित्रानें फोनवर धाडलेला एकादा समुद्रकिनारा पाहून आपण म्हणतों, "येथें जावयाचें." ठिकाण कसें दिसतें हें घर सोडण्यापूर्वींच आपणांस माहीत असतें. हा बदल लहान नाहीं. तो कसा झाला, छायाचित्रानें माणसाला घराबाहेर कसें काढलें, आणि तसें करतांना त्यानें काय दाखविलें व काय झांकलें, हें आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

छायाचित्रणाची कला जगापुढें आली ती १८३९ सालीं, पॅरिसमध्यें. लुई दागेर यानें चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशाचा ठसा टिकवून धरण्याची युक्ति साधली, आणि फ्रेंच सरकारनें ती त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत सर्वांना खुली केली. पॅरिसमधील लेरबूर नांवाच्या एका भिंगांच्या व्यापाऱ्यानें लगोलग ओळखलें कीं, या युक्तीला खरें गिऱ्हाईक मिळेल तें दूरचे देश दाखविण्यांत. त्यानें युरोपांतील आणि पूर्वेकडील प्रसिद्ध स्थळांचीं चित्रें मिळविलीं. पत्र्यावरच्या चित्राची दुसरी प्रत निघत नसे. म्हणून त्यावरून कोरीव ठसे करवून त्यानें ग्रंथ छापला. परंतु चित्र उमटण्यास कित्येक मिनिटें लागत, त्यामुळें हलणारें कांहींच त्यांत येत नसे. रस्ते ओस, चौक ओस. असें ओसाड जग गिऱ्हाइकाला आवडणार नाहीं म्हणून कोरणाऱ्या कारागिरांनीं त्यांत माणसें, घोडे आणि होड्या आपल्या पदरच्या घातल्या! म्हणजे प्रवासाचें छायाचित्र जन्मलें तेव्हांपासूनच तें थोडें खरें आणि थोडें रचलेलें होतें.

दहा वर्षांनीं, १८४९ सालीं, माक्सिम द्यु काँ हा तरुण फ्रेंच लेखक इजिप्तला निघाला. त्याच्याबरोबर त्याचा मित्र फ्लोबेर होता; हाच पुढें मोठा कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आला. एव्हांना कागदावर निगेटिव्ह घेऊन तिच्या अनेक प्रती काढण्याची रीत निघाली होती. द्यु काँनें १८५२ सालीं १२५ छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील कित्येक चित्रांत एक उघडाबोडका मनुष्य एकाद्या प्रचंड खांबापाशीं किंवा मूर्तीच्या खांद्यावर निश्चल बसलेला दिसतो. तो त्यांच्या होडीवरील खलाशी, हाजी इस्माईल. इमारत किती उंच आहे हें पाहणाऱ्यास कळावें म्हणून त्याला तेथें बसवीत. तो हलूं नये यासाठीं द्यु काँनें त्याला सांगितलें होतें कीं, कॅमेऱ्याची ही पितळी नळी म्हणजे तोफ आहे, आणि तूं हललास तर ती सुटेल. ही हकीकत द्यु काँनें स्वतःच लिहून ठेवली आहे. वाचून प्रथम हसूं येतें. मग ध्यानांत येतें कीं, पॅरिसच्या दिवाणखान्यांत बसून तीं चित्रें पाहणाऱ्यांना खांबाची उंची दिसली, पण तो मनुष्य भ्यालेला होता हें दिसलें नाहीं. ही गोष्ट आपण मनाशीं ठेवूं; ती पुढें पुन्हां भेटणार आहे.

१८५१ सालीं कांचेवर चित्र घेण्याची रीत निघाली. कांचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती अंधारांत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रवांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि वाळण्यापूर्वींच परत अंधारांत नेऊन तें फुलवावयाचें. कांच वाळली कीं सारा खटाटोप व्यर्थ. म्हणजे छायाचित्रकार जेथें जाईल तेथें अंधारी खोली, औषधांच्या बाटल्या, कांचांच्या पेट्या आणि पाणी हें सर्व बरोबर न्यावें लागे. फ्रान्सिस फ्रिथ या इंग्रज गृहस्थानें लिव्हरपूलमधील आपला किराणा मालाचा भरभराटीचा धंदा विकला आणि १८५६ पासून १८६० पर्यंत तीनदां इजिप्त व पॅलेस्टाइनची वाट धरली. तेथील उन्हानें कांचेवरचा थर उकळूं लागे; थंड अंधारासाठीं तो जुन्या थडग्यांत शिरून काम करी. त्यानें आणलेल्या चित्रांची इंग्लंडांत मोठी विक्री झाली. बायबलांत नांवें ऐकलेलीं गांवें डोळ्यांनीं पाहण्याची हौस मध्यमवर्गीय घरांतून पसरली.

याच सुमारास दोन भिंगांतून एकाच देखाव्याचीं दोन चित्रें पाहून तो देखावा खोलीसह समोर उभा करणारें स्टिरिओस्कोप नांवाचें यंत्र घराघरांत शिरलें. तेव्हां अमेरिकेंतील एक विद्वान डॉक्टर, ऑलिव्हर वेंडेल होम्स, यांनीं १८५९ सालीं एका निबंधांत असा विचार मांडला कीं, आतां वस्तूंचें रूप त्यांच्यापासून वेगळें काढतां येतें. रूप हातीं आलें म्हणजे मूळ वस्तूची फारशी गरज उरणार नाहीं. घरबसल्या रोम दिसत असेल तर रोमला कोण जाईल?

घडलें तें नेमकें उलट. चित्र पाहून लोकांची तहान भागली नाहीं, ती वाढली. टॉमस कुक या गृहस्थानें १८४१ सालीं लेस्टरहून लफबरोपर्यंत आगगाडीनें एक लहानशी सहल नेली होती. त्याच कुकनें १८६९ सालीं प्रवाशांची पहिली टोळी नाइल नदीवर नेली. हें सारें छायाचित्रानेंच घडविलें असें म्हणणें धाडसाचें होईल. आगगाडी, आगबोट आणि त्याच वर्षीं खुला झालेला सुवेझचा कालवा यांचा वांटा मोठा आहे. परंतु आगगाडी वाट देते, इच्छा देत नाहीं. ती इच्छा, आणि तिच्याबरोबर "हें ठिकाण खरोखरच आहे, तेथें मनुष्य उभा राहूं शकतो" ही खात्री, छायाचित्रानें दिली.

आतां आपल्या देशाकडे वळूं. सॅम्युएल बोर्न हा इंग्लंडांतील नॉटिंगहॅम शहरीं एका बँकेंत कारकून होता. नोकरी सोडून तो १८६३ सालीं कलकत्त्यास उतरला आणि तेथून सिमल्यास गेला. त्याच वर्षीं २९ जुलैला सुमारें तीस हमाल बरोबर घेऊन तो हिमालयांत शिरला, आणि १२ ऑक्टोबरला १४७ निगेटिव्ह घेऊन परतला. पुढच्या वर्षीं तो काश्मीरकडे निघाला तो नऊ महिने फिरत राहिला. १८६६ सालच्या तिसऱ्या स्वारींत त्यानें कुलू आणि स्पीति ओलांडून मणिरंगची १८,६०० फूट उंचीची खिंड गांठली आणि तेथें कॅमेरा उभा केला. पुढें सुमारें वीस वर्षें इतक्या उंचीवर कोणी छायाचित्र घेतलें नाहीं. त्याच स्वारींत तो गंगोत्रीच्या हिमनदीपर्यंत गेला आणि गंगा जेथें बर्फांतून बाहेर पडते त्या गोमुखाचें त्यानें चित्र घेतलें. आपल्या पूर्वजांनीं जें ठिकाण केवळ पोथींत ऐकलें होतें, तें आतां कागदावर आलें.

बोर्नचीं हीं चित्रें त्याच्या दुकानांत क्रमांक घालून विकत. गिऱ्हाइकानें यादी पाहावी, क्रमांक सांगावे आणि आपला संग्रह बांधून न्यावा. 'बोर्न अँड शेफर्ड' हें त्याच्या नांवाचें दुकान कलकत्त्यांत २०१६ सालापर्यंत चालू होतें. त्या संग्रहांनीं हिमालय पाहण्याची इच्छा किती घरांत उत्पन्न केली असेल याची गणती करतां येणार नाहीं.

परंतु या चित्रांबरोबर बोर्ननें लंडनच्या एका छायाचित्रण-पत्रिकेंत आपल्या स्वाऱ्यांचीं लांबलचक पत्रें लिहिलीं, आणि तीं वाचतांना चित्रांची दुसरी बाजू दिसते. एक तर, हिमालय पाहून तो आरंभीं निराश झाला होता. डोंगर अवाढव्य, पण पुढें सरोवर नाहीं, झाडी नाहीं; सारें एवढें मोठें कीं चौकटींत बसेना. त्याच्या मनांत विलायती चित्रकारांनीं घालून दिलेला एक नमुना होता : पुढें पाणी, बाजूला एक वृक्ष, मागें डोंगर. तो नमुना त्याला काश्मीरांत सांपडला, आणि दाल सरोवर व श्रीनगरचा पॉप्लर वृक्षांचा रस्ता त्यानें मनापासून टिपला. आजहि सहलींच्या जाहिराती पाहा. पुढें पाणी, बाजूला वृक्ष, मागें डोंगर! आपण जें 'सुंदर ठिकाण' म्हणून निवडतों, त्या निवडींत दीडशें वर्षांपूर्वींच्या एका नॉटिंगहॅमच्या कारकुनाच्या आवडीचा अंश आहे, ही गोष्ट थोडी विचार करावयास लावणारी आहे.

दुसरी गोष्ट हमालांची. त्या काळीं डोंगरी संस्थानांत प्रवासी साहेबाचें ओझें वाहण्याची गांवकऱ्यांवर सक्ति असे. तिला बेगार म्हणत. उभ्या चढणीवर, बर्फांतून, कांचांच्या आणि औषधांच्या जड पेट्या पाठीवर घेऊन हीं माणसें चालत. कांहीं वाटेंतच ओझें टाकून पळून जात. आपण त्यांना काठीनें झोडपलें, असें बोर्न स्वतःच निःसंकोचपणें लिहितो. चित्रांत यांतलें कांहींच नाहीं. तेथें आहे अलौकिक शांतता, निर्मळ हिम, निर्जन खिंड. निर्जन? तेथें हमालांची टोळी उभी होती. ती कॅमेऱ्याच्या मागल्या बाजूस होती इतकेंच. हाजी इस्माईल निदान चौकटीच्या आंत तरी होता.

छायाचित्रानें दाखविलेली निर्जनता किती फसवी असूं शकते याचें याहून कठोर उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. कार्लटन वॉटकिन्स यानें १८६१ सालीं कॅलिफोर्नियांतील योसेमिटीच्या दरींत दीड फुटांहून मोठ्या कांचा खेचरांवर लादून नेल्या आणि तेथील कड्यांचीं व धबधब्यांचीं अपूर्व चित्रें घेतलीं. तीं न्यूयॉर्कपर्यंत गेलीं आणि ती दरी कधींहि न पाहिलेल्या लोकांना तिचें वेड लागलें. १८६४ सालीं यादवी युद्ध पेटलेलें असतांना अध्यक्ष लिंकन यांनीं ही दरी लोकांच्या उपभोगासाठीं कायमची राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. लिंकन स्वतः तेथें कधींच गेले नव्हते. वॉटकिन्सच्या चित्रांचा या निर्णयाला हातभार लागला असें इतिहासकार मानतात, आणि छायाचित्राच्या इतिहासांतील ती अभिमानाची गोष्ट आहे. पण चित्रांतली ती दरी रिकामी कां होती? कारण अवघ्या दहा वर्षांपूर्वीं, १८५१ सालीं, तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आहवानीची लोकांना सशस्त्र टोळी पाठवून हांकलून देण्यांत आलें होतें, त्यांचीं घरें आणि धान्य जाळण्यांत आलें होतें. पाहणाऱ्यांना ती दरी सृष्टीच्या पहिल्या दिवसासारखी वाटली. ती तशी करण्यांत आली होती.

श्रोतेहो, यावरून छायाचित्र म्हणजे लबाडी, असा निष्कर्ष मात्र काढूं नये. तें किती मोलाचें असूं शकतें हें पाहण्यासाठीं आपल्या महाराष्ट्रांतच येऊं.

ही कला मुंबईंत लौकर आली. १८५४ सालीं मुंबईची छायाचित्रण-संस्था स्थापन झाली, आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते. १८५५ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांत या कलेचा वर्गहि निघाला. त्याच सुमारास तिकडे अजिंठ्याच्या डोंगरांत रॉबर्ट गिल नांवाचा एक लष्करी अधिकारी काम करीत होता. तेथील भिंतींवरच्या चित्रांच्या प्रतिकृति काढण्यासाठीं कंपनी सरकारनें त्याला १८४४ सालीं नेमलें होतें. दमट हवा, हिंस्र श्वापदें आणि आजार यांना तोंड देत त्यानें वर्षानुवर्षें मोठमोठ्या पटांवर तैलरंगांत प्रतिकृति केल्या. त्या लंडनला गेल्या, तेथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या गेल्या, आणि १८६६ सालच्या आगींत त्यांपैकीं बहुतेक जळून गेल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हां प्रतिकृति केल्या. त्यांतल्याहि पुष्कळशा १८८५ सालीं लंडनमधल्याच दुसऱ्या आगींत नष्ट झाल्या.

गिलनें मात्र ब्रशाबरोबर कॅमेराहि हातीं घेतला होता. त्याचीं ७४ छायाचित्रें १८६४ सालीं फर्ग्युसन यांच्या लेण्यांवरील ग्रंथांत प्रसिद्ध झालीं. त्यांत रंग नाहीं. आहेत तीं दारें, खांब, ओसऱ्या आणि ऊनसावली. पण एका प्रतीच्या अनेक प्रती झाल्यामुळें तीं जगभर पसरलीं आणि आगींतून वांचलीं. मोठ्या कष्टानें रंगविलेले पट गेले, आणि कांचेवरून काढलेला कागद उरला! पुढें हैदराबाद संस्थानानें गुलाम याझदानी यांच्याकडून १९३० ते १९५५ या काळांत अजिंठ्यावर जे मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांतील रंगीत चित्रेंहि छायाचित्रणाच्याच आधारें केलेलीं होतीं. गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळास आहे. अजिंठ्याच्या वाटेवर तेथें उतरणाऱ्या कितीजणांना ती ठाऊक असते?

आणि आज अजिंठ्याला आपण काय करतों? मीं तेथें एकदां पहिल्या लेण्यांत पाऊण तास बसून पाहिलें. येणारीं कुटुंबें थेट कमळ धरलेल्या बोधिसत्त्वापाशीं जात, कारण तें चित्र पुस्तकांतून आणि दिनदर्शिकांवरून सर्वांच्या ओळखीचें. "हाच तो," असें एकानें म्हणावें, इतरांनीं मान डोलवावी, आणि सर्वांनीं बाहेर पडावें. डोक्यावरच्या छतांत कमळांमधून धांवणारा हत्ती आहे. एका खांबावर चार हरणें अशीं कोरलीं आहेत कीं, चौघांना मिळून एकच डोकें, आणि ज्या हरणाकडे पाहावें त्याचेंच तें वाटतें. त्यांच्याकडे फारसें कोणी वळलें नाहीं. जें चित्र त्यांना शंभर कोसांवरून येथें घेऊन आलें, त्यानेंच येथें आल्यावर त्यांचे डोळे मिटले. दोष चित्राचा नव्हता. ओळख पटली म्हणजे पाहणें संपलें, असें आपण मानतों, तो दोष आपला.

म्हणून यंदाच्या सुटीसाठीं चित्रें चाळतांना एवढें करून पाहावें. चित्र आवडलें म्हणजे त्याला थोडे प्रश्न विचारावे. हें कोणत्या ऋतूंत घेतलें? घेणारा कोठें उभा होता, आणि त्याच्या पाठीमागें काय होतें? या डोंगराच्या पायथ्याशीं कोण राहतें, तेथें कोणती भाषा बोलतात, काय पिकतें, काय शिजतें? या चित्रांतलें ओझें कोणी वाहिलें? इतके प्रश्न घेऊन जो निघेल त्याला चित्रांत पाहिलेलें तर सांपडेलच, पण चौकटीबाहेरचें जगहि भेटेल. आणि एकादें ठिकाण असें निवडावें कीं, जेथचें जुनें छायाचित्र आपल्यापाशीं आहे.

असें कां, तें सांगून पुरें करतों. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाणारी सुमारें अठरा किलोमीटरची पाऊलवाट आजहि पायींच चालावी लागते. ज्याच्या हातीं बोर्नचें १८६६ सालचें चित्र आहे तो तेथें पोहोंचला म्हणजे त्याला प्रथम कांहींच जुळत नाहीं. कडे तेच आहेत, शिखरें तींच आहेत. पण चित्रांत ज्या जागीं बर्फाची भिंत आहे तेथें आज दगडगोटे आहेत. बोर्नच्या वेळेपासून ती हिमनदी एक किलोमीटरहून अधिक मागें सरली आहे. ज्यानें चित्र पाहिलें नाहीं त्याला तेथें एक पवित्र आणि सुंदर स्थळ दिसतें. ज्यानें पाहिलें आहे त्याला मध्यंतरीं काय हरपलें तेंहि दिसतें, आणि तो तेथून गप्प होऊन परततो.

काशीहून परतलेले आजोबा ओसरीवर बसून सांगत तें केवळ काशीविषयीं नसे; निघतांना मनांत काय होतें आणि तेथें काय आढळलें, या दोहोंतील अंतराची ती गोष्ट असे. आपल्या हातीं आतां चित्र आहे. तें पाहून निघावें, तें बरोबर न्यावें, आणि परतल्यावर घरांतल्यांना जवळ बसवून सांगावें तें त्या चित्रांत नसलेलें.